लाल पाना

भिकू वाळंजांना घरात झोप लागत नसे, गाडीखाली लागे. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं, आणि घात झाला तो तिथंच. थंडीतल्या त्या सकाळी शेडमध्ये गाडीखालून त्यांचे नुसते दोन पाय दिसत होते, तर कुणाला काय वाटणार? कैलास कुडले चहाची किटली घेऊन आला, नेहमीसारखा ओरडला, "ए भिक्या, चहा निवतोय!" उत्तर नाही. कैलासनं एक शिवी हासडली आणि पुन्हा हाक मारली. तिसऱ्या हाकेनंतर त्यानं चिडून पाय ओढला, तेव्हा तो गार लागला.

हे दोघं चाळीस वर्षांचे सोबती. भिकू ड्रायव्हर, कैलास त्याचा क्लीनर. मुळशीचा तांदूळ खाली कोकणात न्यायचा, येताना कौलं भरून आणायची. ट्रक जुना, पुढं लांब नाक असलेला, नाव गंगी. नवे ट्रक आले तसे सगळ्यांनी जुने भंगारात काढले. भिकूच्या दारातही भंगारवाला यायचा. भिकू त्याला बसवून चहा पाजायचा, त्याच्या बायकापोरांची चौकशी करायचा आणि मग म्हणायचा, "आता नीघ. माणूस म्हातारा झाला म्हून त्याला कुणी किलोवर घालतं व्हय रं?"

पुढं धरणाकाठच्या जमिनींना सोन्याचे भाव आले. ज्यांनी विकल्या त्यांना पैशाचं काय करावं कळेना. कुणी बंगले बांधले, कुणी सोन्याच्या साखळ्या घातल्या. दादासाहेब पायगुडेंनी मात्र तीन जुने ट्रक विकत घेतले आणि तिन्ही बंद पडले. ते भिकूकडं आले. मग बावधनहून मृण्मयी नावाची कॉम्प्युटरवाली पोरगी आली. तिच्या आजोबांचा ट्रक लातूरला गोठ्यात सडत होता, तो तिनं उचलून इथं आणला होता. असे करत करत दहा-बारा वेडे जमले. भिकूनंच त्याला नाव दिलं, 'जुनं लोखंड मंडळ'. रविवारी सगळे शेडमध्ये जमायचे, हात काळे करायचे, भिकूच्या बायकोच्या, सगुणाबाईंच्या हातची भाकरी आणि सुक्या मासळीचं कालवण खायचे. भिकू सगळ्यांना शिव्या द्यायचा. मृण्मयीलाही द्यायचा, फक्त जरा सोज्वळ.

त्याच्या शेडमध्ये कायदा एकच होता. भिंतीवर खुंट्या, खुंटीवर पाने. त्यातल्या एका पान्याचं टोक लाल रंगानं रंगवलेलं. तो ब्रेकचा पाना. त्यानं दुसरा नट उघडायचा नाही, त्याला दुसऱ्या कामाचं ग्रीस लागू द्यायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, लाल पाना खुंटीवर दिसला तरच गाडी हलवायची. खुंटी रिकामी म्हणजे कुठंतरी ब्रेक उघडा आहे. एकदा दादासाहेबांनी त्याच पान्यानं सायलेन्सरचा नट पिळला, तर भिकू एवढ्या मोठ्या माणसावर खेकसला, "दादासाहेब, ताम्हिणीच्या घाटात ब्रेक न्हाई लागला तर तुमची गुंठेवारी आडवी येणार हाय का?"

तर, पाय गार लागला. माणसं धावली, गंगीखालून भिकूला काढलं. झोपेतच हृदय बंद पडलं असेल, असं डॉक्टर म्हणाले. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली, मुठीत पाना. सगुणाबाईंनी एकेक बोट सोडवून तो काढला, पदरात घेतला आणि त्यांनी जो हंबरडा फोडला, त्यात कोण कशाला पान्याकडं बघतंय?

गाडीखाली तो नेमकं काय करत होता, हे कुणीच विचारलं नाही. लोळत असेल. नेहमीच लोळायचा.

मग आपल्या लोकांचं प्रेम सुरू झालं. माणूस जिवंत असताना आपण त्याची वस्तू इकडची तिकडं करतो, मेला की तिला देव करतो. पाना भिकूच्या फोटोपुढं पाटावर गेला. येईल तो त्याला हळदकुंकू वाहू लागला. तीन दिवसांत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंकवानं माखला. भिकूनं जीव सोडला ती शेडमधली जागा बायकांनी शेणानं सारवली, वर पणती ठेवली. तिथं जमिनीवर ओला काळा डाग होता, तोही सारवणाखाली गेला. तेराव्याच्या आधी शेडला चुना मारायचा म्हणून पोरांनी सगळे पाने काढून पोत्यात भरले. झाडून सगळ्या खुंट्या रिकाम्या झाल्या. आता त्यातली एक रिकामी दिसली तर कुणाला काय कळणार?

दहाव्याला पौडला नदीवर पिंड ठेवला. उंबरावर कावळा बसलेला होता. धडधाकट, चांगला काळा. पण खाली येईना. किशोर हात जोडून उभा राहिला. भिकूचा हा एकुलता एक, हिंजवडीत नोकरीला. "बाबा, आईला मी अंतर देणार नाही." कावळा ढिम्म. सगुणाबाई म्हणाल्या, "माझी काळजी करू नगा." कावळा ढिम्म. दादासाहेब पुढं आले, "भिकूशेठ, तुमच्या गंगीतनंच तुमाला हरिहरेश्वरला नेतो. सगळं मंडळ मागं. पोरगा गाडी चालवंल." त्यावर कावळा मान तिरकी करून एकदा ओरडला आणि उडून नदीपलीकडं गेला.

"ऐकलं!" दादासाहेब म्हणाले.

"ऐकलं तर शिवला का न्हाई मग?" कैलास पुटपुटला. उन्हं चढली तशी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं. कैलासच्या मनाला मात्र त्या दिवसापासून कुसळ टोचावं तसं काहीतरी टोचत राहिलं. भिक्याचं काहीतरी राहिलंय. काय राहिलंय? रात्री कुशीवर वळला की हाच प्रश्न, आणि उत्तर काही येईना.

अस्थी न्यायला रविवार ठरला. ऑफिसवाल्यांना सुट्टी हवी ना! मेलेल्या माणसालाही हल्ली शनिवार-रविवार बघूनच मुक्ती मिळते. पहाटे शेडपुढं सात जुने ट्रक उभे राहिले, धुतलेले, झेंडूच्या माळा घातलेले. गंगी सगळ्यांत पुढं. तिच्या काचेला आतून भिकूचा फोटो आणि त्याखाली लाल दोऱ्यानं बांधलेला पाना. अस्थींबरोबर पानाही समुद्रात सोडायचा, असं किशोरनं ठरवलं होतं.

सगुणाबाई कैलासपाशी आल्या. अस्थींचा तांब्या त्याच्या हातात देताना म्हणाल्या, "भावजी, धनी गेला. आता एवढं एकच पोर उरलंय माझं. धड घाटाखाली उतरवा आन् धड माघारी आणा."

"वहिनी, म्या हाय की."

म्हणायला म्हणाला, पण त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. तो गाडी चालवू शकत नव्हता. तो फक्त किशोरच्या शेजारी बसू शकत होता. जुन्या सवयीनं त्यानं चाकाला लावायचा लाकडी ठोकळा सीटखाली सरकवला. "काका, राहू द्या ना, घाण दिसतंय ते," किशोर म्हणाला. कैलासनं ऐकलं नाही.

गंगी सुरू झाली. तिचा आवाज ऐकून शेडपुढच्या बायका पुन्हा रडायला लागल्या. मागच्या सहा गाड्यांनी लांबलचक हॉर्न दिले. मंडळात कुणाचा वाढदिवस असो की लग्न, ही सलामी ठरलेली. आज ती अंगावर काटा आणत होती.

धरणाच्या कडेनं रस्ता सरळ. पाण्यावर धुकं. किशोर हळू चालवत होता, अधूनमधून बाहीनं डोळे पुसत होता. निवे गावात चहाला थांबले तेव्हा तो म्हणाला, "काका, ब्रेक मघाशी वर लागत होता. आता जरा खाली जातोय."

"किती खाली?"

"थोडाच. जुनी गाडी आहे. बाबांना सवय असेल."

कैलासला खटकलं. का, ते त्याला सांगता येईना. मृण्मयी जवळ आली, "सगळं ओके ना काका?" दादासाहेब म्हणाले, "चला, चला, भरती गाठायचीय." सगळे दुःखात, सगळे घाईत. कैलास शेडमधल्या खुंटीचा विचार करू लागला. ती रिकामी होती. पण सगळ्याच रिकाम्या होत्या की. तो गाडीत बसला.

ताम्हिणी गाव मागं पडलं. झाडी दाट झाली, रस्ता उताराला लागला. एका खड्ड्यात गंगी आदळली, काचेवरचा लाल दोरा तुटला आणि पाना कैलासच्या मांडीवर पडला. पडताना तांब्यावर ठण्णकन आपटला. कैलासनं तो उचलला, कपाळाला लावला. हाताला कुंकू लागलं म्हणून त्यानं खांद्यावरच्या टॉवेलानं पाना पुसला. दांड्यावरचं कुंकू गेलं, खालून काळं लोखंड निघालं. मग त्यानं टोक पुसलं. कुंकू टॉवेलाला आलं, तरी टोक लालच राहिलं. थुंकी लावून पुन्हा घासलं. लालच.

"किश्या! गाडी थांबव!"

"इथं कुठं काका? उतार आहे."

"तुझ्या बापाच्या हातात लाल पाना व्हता! ब्रेक उघडा हाय, थांबव म्हंतो ना!"

किशोरनं पाय दाबला. पाय फळीपर्यंत खाली गेला आणि गंगी तशीच चालत राहिली. त्यानं पुन्हा दाबला. काही नाही. पुढं वळण, वळणापलीकडं कठडा, कठड्यापलीकडं नुसतं धुकं.

मागच्यांनी सावध व्हावं म्हणून त्यानं हॉर्न दाबून धरला. तर मागच्यांना काय वाटावं? घाटाच्या तोंडाला पोरानं बापाला सलामी दिली! सहाच्या सहा गाड्यांनी हॉर्न लावले. सगळा डोंगर दणाणला. दादासाहेब म्हणे स्टेअरिंगवर हात ठेवून रडत होते. आणि पुढं त्या आवाजात भिकूचा पोरगा मरणाच्या दिशेनं घरंगळत होता.

"गिअर खाली घे! आजून खाली! हँडब्रेक वढ!" कैलास ओरडला. यंत्र किंचाळलं, जळका वास सुटला, वेग थोडा तुटला. "आता डोंगराकडं घे. नाक घासू दे!"

"बाबांची गाडी आहे काका!"

"गाडी गेली खड्ड्यात! तुझ्या आयशीला म्या तोंड काय दावू?"

किशोरनं स्टेअरिंग फिरवलं. गंगीचं ते लांब नाक दरडीला घासलं, मडगार्ड चोळामोळा झालं, माती-दगड काचेवर कोसळले. चाक चरात गेलं, गाडी अडखळली, पुन्हा सरकली. कैलासनं तांब्या पोटाशी धरला, दुसऱ्या हातानं ठोकळा ओढला आणि सहासष्टाव्या वर्षी, त्या गेलेल्या गुडघ्यांनी, त्यानं उडी मारली. पडला, उठला, चाकापुढं ठोकळा सारला. चाक ठोकळ्यावर चढायला बघत होतं, पण चढलं नाही. गंगी उभी राहिली.

मागचे हॉर्न एकेक करून बंद पडले. माणसं धावत आली. मागच्या डाव्या चाकापाशी ब्रेकची नळी ओली होती, नट अर्धाच आवळलेला, तेल ठिबकत होतं. भिकू नट बसवायला घेऊन अर्ध्यात गेला होता.

दादासाहेब म्हणाले, "मेकॅनिकला फोन लावतो." किशोरनं सगळ्या चाकांना दगड लावले, कैलासच्या हातातून पाना घेतला आणि पांढऱ्या सदऱ्यानिशी गाडीखाली शिरला. आयुष्यात पहिल्यांदा. लहानपणी भिकू बोलवायचा तेव्हा कपडे खराब होतील म्हणून तो जायचा नाही.

कैलास रस्त्याच्या कडेला तांब्या घेऊन बसला. समोर गंगी, आणि गंगीखालून बाहेर आलेले दोन पाय. पावलं अगदी भिकूसारखी, बाहेरच्या बाजूला पडलेली. पाना फिरल्याचा आवाज आला, पुन्हा आला, मग थांबला. पाय हलेनात.

"किशोर," कैलासनं हाक मारली.

उत्तर नाही.

"किशोर, ए पोरा!" मृण्मयीनं त्याच्याकडं पाहिलं. तो उठायला गेला, गुडघे उठेनात. तिसरी हाक त्याच्या तोंडून फुटेना. ती मारायचीच त्याला भीती वाटत होती. तरी त्यानं डोळे गच्च मिटून मारली.

"किश्या रं!"

"आलो काका," गाडीखालून आवाज आला. "शेवटचा एकच आटा राहिलाय."

आणि चाळीस वर्षं क्लीनर राहिलेला कैलास कुडले, जो मसणात रडला नव्हता, दहाव्याला रडला नव्हता, तो भर रस्त्यात तांब्या उराशी धरून पोरासारखा भोकाड पसरून रडला.