भर दुपारच्या एकशे आठ फेऱ्या

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत बायकांनी प्रकृतीसाठी चालण्याची प्रथा मी सुरू केली. मी, म्हणजे त्या वेळी कॉलेजच्या पहिल्या वर्षात असलेला, रोज पन्नास सूर्यनमस्कार घालणारा आणि मोड आलेले मूग खाऊन आरशात दंड बघणारा मी. हा मान आजवर दुसऱ्या कुणी मागितलेला नाही. पुढचं वाचल्यावर कुणी मागेल असंही वाटत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. दिवाळीनंतर आई सारखी पाणी प्यायला लागली, रात्रीतून चारदा उठायला लागली, आणि बाबा तिला दवाखान्यात घेऊन गेले. मीही गेलो, कारण प्रकृती हा माझा विषय होता. तिथला कंपाउंडर काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचा, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचा आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचा. रंग निळाच राहिला तर माणूस सुटला. हिरवा झाला तर सांभाळून राहायचं. विटेसारखा लाल झाला तर डॉक्टर चष्मा काढून बोलायचे. आईच्या नळीत पक्की भाजलेली वीट निघाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, साखरेचं दुखणं आहे. गोळ्या देतो. पण गोळ्या निम्मं काम करतील. उरलेलं तुमच्या पायांनी करायचं. रोज पाऊण तास चालायचं. नाहीतर आधी डोळे जातील. घाबरवत नाही, सांगतोय."

घाबरवायची गरजच नव्हती. आईची थोरली बहीण इगतपुरीला याच दुखण्यात आंधळी झाली होती आणि नंतर वर्षभरात गेली होती. शेवटच्या भेटीत तिनं आईचा चेहरा हातानं चाचपून ओळखला होता. दवाखान्याबाहेर येऊन आई एवढंच म्हणाली, "मला आंधळं व्हायचं नाही रे."

चालणं दुसऱ्या दिवशी सुरू झालं आणि आठव्या दिवशी संपलं. याला आईचा आळस कारण नव्हता. कॉलनीतले पुरुष रोज सकाळी फिरायला जात. गळ्यात मफलर, हातात काठी, तोंडी सरकारला शिव्या. त्यांना कुणी काही विचारत नसे. बाई रिकाम्या हातानं रस्त्यावर दिसली की मात्र दर खिडकीतून चौकशी व्हायची.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही, जरा चालते."

"का हो? घरात काही झालं का?"

पहिल्या दिवशी तिला हे नऊ घरांना सांगावं लागलं. तिसऱ्या दिवशी तिनं हातात पिशवी घेतली. पाचव्या दिवशी पिशवी रिकामी कशी, अशी विचारणा झाली. सहाव्या दिवशी ती पिशवीत चार कांदे घालून निघाली. म्हणजे आई घरचे कांदे फिरवून परत आणत होती. सातव्या दिवशी बाबा ऑफिसातून बातमी घेऊन आले, की त्यांच्या घरात मोठं भांडण चालू आहे आणि त्यांची बायको रोज माहेरी जायला निघते, पण नाक्यावरून परत येते. बाबांनी आईकडे बघितलं. आईनं कांद्यांकडे बघितलं. चालणं बंद.

मग फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंतहून मामा आला, द्राक्षांची पेटी घेऊन. आई पेटीपासून लांब जाऊन बसली.

"अगं, खा," मामा म्हणाला. "द्राक्षात कुठली साखर आली? साखर व्हते कारखान्यात. ही तर वेलीला लागल्यात."

"डॉक्टर नको म्हणालेत रे."

"डॉक्टरच्या बापाचा बाग हाय का? त्याला द्राक्षातलं काय कळतं? लय मनावर घेऊ नको तू."

भावाचं मन राखायला तिनं चार मणी खाल्ले. मग स्वतःचं मन राखायला घोस खाल्ला. पुढल्या खेपेला नळीत वीट तर होतीच, पण कंपाउंडरनं ती डॉक्टरांना दाखवायच्या आधी आमच्याकडे असं बघितलं, की आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

त्या दिवशी घरी परतताना मला कल्पना सुचली. आजही ती मला फार देखणी कल्पना वाटते, आणि हेच तिच्यातलं वाईट आहे.

कॉलनीच्या टोकाला दत्ताचं लहानसं देऊळ होतं. मागे औदुंबर, त्याला दगडी पार, आणि पाराभोवती काळ्या फरशीची वाट. प्रदक्षिणा घालणाऱ्या बाईला "कुठे निघालात" असं पृथ्वीवर कुणी विचारत नाही. मी सुतळी घेऊन गेलो आणि फेरी मोजली. आईची बत्तीस पावलं. एकशे आठ फेऱ्या घातल्या की पाऊण तास सहज भरतो.

"नवस बोल," मी आईला म्हणालो.

"कसला?"

"डोळे शाबूत राहू देत, असा."

"आणि ही देवाची फसवणूक नाही होणार?"

"देवाला फेऱ्या मिळाल्याशी काम. बाकीचं डॉक्टरांचं."

आई हसली. बरेच दिवसांनी हसली. मी तिला शिस्तीनं तयार केलं, पहिल्या आठवड्यात एकवीस फेऱ्या, मग एकावन्न, मग एकशे आठ. मोजायला दोन वाट्या आणि चिंचोके दिले. दर फेरीला एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. बघणाऱ्याला वाटायचं, जप चाललाय.

चांगली सवय कशी लागते यावर पुढे मी पुष्कळ वाचलं, पण मला ते तिथेच कळलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं माणूस आठ दिवस करतं. देवाला कबूल केलेलं मोडायला मन धजत नाही. आईला ताप आला, तरी ती फेऱ्यांना गेली. घरात पाहुणे आले, ती भाताखालचा विस्तव काढून गेली. कंटाळा आला की म्हणायची, "आता बोललेय ना मी." बाबांनी तर रविवारी चक्क तिच्यासाठी जेवायला थांबायला सुरुवात केली. अडीच महिन्यांत नळीतली वीट नारिंगी झाली, मग पिवळी, आणि एप्रिलच्या शेवटी हिरवी. डॉक्टरांनी चष्मा घातला. आईच्या पोलक्यांना टिपा माराव्या लागल्या. जिना चढताना तिला मध्ये थांबावं लागेना. मी कॉलेजच्या कट्ट्यावर ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली, की मित्र मला "वैद्यबुवा" म्हणायला लागले आणि मला ते आवडायला लागलं.

फेऱ्या दुपारी व्हायच्या. सकाळी नळाचं पाणी, बाबांचा डबा, स्वयंपाक, धुणं. बारा-साडेबाराला हात मोकळे व्हायचे तेव्हा ती देवळात जायची. फेब्रुवारीत काही वाटलं नाही. एप्रिल लागला तशी ती काळी फरशी तव्यासारखी तापायला लागली. पुजारी सकाळी वाटेवर ओली गोणपाटं टाकायचे, ती बारापर्यंत वाळून पापड व्हायची आणि पोरं ती उचलून क्रिकेटची खेळपट्टी करायची. बाकीच्या बायका सकाळ-संध्याकाळ येत. दुपारी आलीच कुणी, तर तीन फेऱ्या टाचांवर उड्या मारत उरकून पाराला टेकत. आई मात्र एकसारखी चालायची, वेळेवर, मान खाली, हातात चिंचोके. देवळाच्या दारात चपला, आणि आत रोजची एकशे आठ.

एकदा मी तिच्याबरोबर गेलो. मोठा तालीमबाज. चौथ्या पावलाला माझ्या तोंडून शिवी निघाली आणि मी पारावर उडी घेतली. तळपाय हातात धरून फुंकर मारत बसलो. आई पुढची फेरी घेऊन माझ्यासमोरून गेली.

"मूग कमी पडतात वाटतं," ती म्हणाली.

मला हसू आलं. मला तिचा अभिमान वाटला. माझ्या पायांना आग झाली होती, तिच्या पायांना होत नव्हती, आणि दोघांच्या पायांत काय फरक असेल हा प्रश्न प्रकृती हा ज्याचा विषय त्या माणसाला पडला नाही.

समोरच्या काकूंना मात्र उत्तर लगेच मिळालं. या काकू म्हणजे कॉलनीचं धर्मखातं. कुणाचा उपास मोडला, कुणाच्या घरी सोवळं नाही, सगळी नोंद त्यांच्याकडे. त्या एका दुपारी देवळात आल्या, आईच्या दहाएक फेऱ्या बघत उभ्या राहिल्या, आणि आई थांबल्यावर वाकून तिच्या पाया पडल्या.

"अहो, हे काय भलतंच," आई दोन पावलं मागे सरली.

"मागे नका सरू. निखाऱ्यावरून चालताय तुम्ही. हे साध्या माणसाचं काम नाही, वहिनी."

दुसऱ्या दिवशी काकू आणखी दोघींना घेऊन आल्या. आठवड्याभरात दुपारी पाच-सहा बायका सावलीत बसून आईच्या फेऱ्या संपायची वाट बघायच्या. मग एकेक जण येऊन वाकायची. आई आता मागे सरत नसे. पदर सारखा करून उभी राहायची आणि "सुखी राहा" म्हणायची. घरीही ती जरा ताठ चालायला लागली. बाबा म्हणाले, "आता आम्हालाही वेळ घेऊन भेटावं लागेल." मला तर सगळं नाटक माझंच असल्यासारखं वाटत होतं.

मे महिन्यात एका दुपारी काकूंनी मला रस्त्यातच गाठलं आणि हात धरून देवळात नेलं. आई नुकतीच घरी गेली होती. काकूंचा आवाज हळू झाला होता.

"तू भाग्याचा आहेस रे. बघ. तुझ्या आईची पावलं उमटलीत दगडावर."

खरंच उमटली होती. उजव्या पायाच्या अंगठ्याचा आणि चवड्याचा ठसा, बत्तीस पावलांच्या त्या वाटेवर सोळा ठिकाणी, फेरीवर फेरी बसून गडद झालेला. त्यावर कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. काकू एका ठशापाशी गुडघे टेकून कपाळ लावायला वाकल्या. मीही वाकलो, आणि मला वास आला. कुंकवाखाली जे होतं ते पिवळट, चिकट होतं, आणि कडेला रक्त होतं.

मी घरी पळत गेलो. आई स्वयंपाकघरात बसून उजव्या पायाला हळदीची चिंधी बांधत होती. मी चिंधी सोडली. अंगठ्याच्या मागे तळव्याला रुपयाएवढं भोक होतं. आत काळं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"फोड आला होता. दुखत नाही रे," आई म्हणाली. "काळजी करू नको, मुळीच दुखत नाही."

हॉस्पिटलात सर्जननं टाचणी घेऊन तिचा तळपाय ठिकठिकाणी टोचला. आई छताकडे बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "टोचायला सुरुवात कधी करणार?" सर्जननं आम्हाला बाहेर बोलावलं. साखरेनं पायांच्या नसा मेल्या होत्या. तव्यावर ठेवले तरी त्या पायांना कळणार नव्हतं, आणि गेला महिनाभर ते तव्यावरच होते. आमचे चष्मेवाले डॉक्टर भेटायला आले. ते रागावले नाहीत, ते वाईट होतं.

"चाला म्हटलं होतं मी. अनवाणी चाला, असं कुणी सांगितलं हिला?"

बाबा म्हणाले, "देवळात चपला घालून कोण जातं, डॉक्टर?"

कट्ट्यावर शंभरदा सांगितलेली गोष्ट मला तिथे एकदाही सांगता आली नाही.

आधी दोन बोटं काढली. जखम वर चढत राहिली. बारा दिवसांनी गुडघ्याखाली पाय काढला. डोळे शेवटपर्यंत चांगले राहिले, हे नवसाच्या बाजूनं सांगायला हवं. पुढे कितीतरी वर्षं ती चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत असे, खुर्चीत बसून.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी कॉलनीतल्या बायका वॉर्डात आल्या. पुढे काकू, हातात प्रसादाची पुडी. सवयीनं त्या पलंगाच्या पायथ्याशी गेल्या, वाकल्या, दोन्ही हात चादरीपर्यंत नेले आणि तिथेच थांबल्या. चादरीखाली एकाच पायाचा उंचवटा होता. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. एक हात त्यांनी मागे घेतला. मग त्या सरळ झाल्या, डोळ्यांना पदर लावला आणि बाकीच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वहिनी, तुमची श्रद्धाच एवढी मोठी, की देहाचं भान उरलं नाही. पाय पोळतायत हेसुद्धा तुम्हाला कळलं नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. आता सांगायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं, की नवस माझा, सुतळी माझी, चिंचोके माझे, हिचा यात काही दोष नाही. पण माझ्याआधी आईच्या तोंडून निघून गेलं.

"कळत होतं हो. पायाला काही जाणवत नाही, हे मला होळीपासून कळत होतं. पण घरातली सगळ्यांत धाकटी सून मी, जन्मभर दुसऱ्यांच्या पाया पडत आले. तुम्ही माझ्या पाया पडायला लागलात, म्हणून गप्प बसले."