वासूने मला दोनदा विचारलं होतं

प्रयोगशाळेत मुलं लोलकाची आंदोलनं मोजत होती. कॉलेजचा शिपाई दारात आला आणि आत यावं की नाही या विचारात तिथंच उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून मी कोण म्हणून विचारलंसुद्धा नाही. गेलं दीड वर्ष ‘अपघात’ हा शब्द कुठंही कानावर पडला की मला पहिल्यांदा एकच नाव आठवायचं. शिपाई म्हणाला, "सर, पवनारच्या उतारावर... वासूभाऊची लाल गाडी." मी हातातला खडू तसाच खिशात टाकला आणि ऑटो पकडून निघालो. पवनारला पोचलो तेव्हा वासू तिथं नव्हता. त्याला दवाखान्यात नेलं होतं आणि नेऊन काही उपयोग नव्हता, हे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या लोकांनी मला बघताच वाट करून दिली त्यावरून कळत होतं. कापसाने भरलेली एक बैलबंडी बाजूला सोडलेली होती. बैलांना खरचटलंही नव्हतं. बंडीवाला मात्र डोक्याला हात लावून बसला होता आणि कुणी न विचारता पुन्हा पुन्हा सांगत होता की मी माझ्या बाजूनंच येत होतो.

गाडी बाभळीला जाऊन भिडली होती. पंचनामा करणारा हवालदार मला ओळखत होता. त्याने मला बाजूला बोलावून पुढची चाकं दाखवली. उताराच्या तळाशी रस्ता डावीकडे वळतो आणि चाकंही डावीकडे पार वळलेली होती. रस्त्यावरच्या रबराच्या काळ्या खुणा मात्र सरळ होत्या, आखल्यासारख्या सरळ. स्टेअरिंग तुटलं होतं का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. त्याला ते कोडं वाटलं. मला ते कोडं नव्हतं. मी गेली वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो.

वासूचे वडील महादेवजी आंजी गावचे. पाऊणशे वर्षांचा ताठ कण्याचा शेतकरी माणूस. त्यांनीही त्याच दिवशी ती चाकं पाहिली होती. दहाव्याला धाम नदीच्या काठावर सगळे विधी उरकल्यावर ते ओल्या धोतरानिशी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, मी त्याले मोठं इंजिन नको म्हटलं होतं. मंग त्याले हो कोनं म्हटलं?" मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. "तो कुणाचं ऐकणारा होता का, महादेवजी?" असं उलट विचारलं. त्यांनी मान हलवली. "हट्टी तं होताच," म्हणाले आणि पायऱ्या चढून निघून गेले. मेलेल्या मित्रावर आळ घ्यायला मला एवढा एकच क्षण लागला. हे सगळं लिहितोय ते त्यासाठी.

वासू आणि मी वर्ध्याच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. मी पुस्तकं वाचून पास व्हायचो. तो मात्र खोलीतला पंखा, वॉर्डनची सायकल, स्वयंपाकघरातला स्टोव्ह, जे सापडेल ते उघडून बसायचा. पुढं मी प्राध्यापक झालो, तो कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांची इंजिनं दुरुस्त करू लागला. हंगामात त्याला जेवायला वेळ नसे. एखाद्या जिनाचं इंजिन बंद पडलं की शेठ लोक त्याच्या दारात गाडी पाठवत आणि हा आधी चहा पिऊन, पान लावून, मग निघे. इंजिनाच्या अंगावर हात ठेवून, डोळे मिटून, कुठं दुखतंय ते तो सांगायचा. मी त्याला वैदू म्हणून चिडवायचो, तो मला मास्तर म्हणायचा. प्राध्यापक म्हण की, असं मी कितीदा सांगितलं. त्याला त्या शब्दात काही दम वाटत नसे.

दोनेक वर्षांपूर्वीची, सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका बंद पडलेल्या जिनाच्या गोदामात त्याला ती गाडी सापडली. दोन सीटांची, उघड्या टपाची, विलायती. मालकाचा मुलगा हौसेने घेऊन आला होता आणि हौस फिटल्यावर परदेशी निघून गेला होता. सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या, लाल रंगाचा विटकरी झाला होता. मालकाने ती वासूला देऊन टाकली, जागा मोकळी झाली म्हणून उलट आभार मानले. वासूने ती बंडीमागे दोराने बांधून गावातून आणली आणि आख्ख्या वर्ध्याने ती वरात पाहिली. मीही पाहिली, फुटपाथवर उभं राहून पोट धरून हसलो.

गाडीचं मूळचं इंजिन लहान, चार सिलिंडरचं. वासूने ते सोडवलं, घासलं, नवीन रिंगा बसवल्या आणि ते शिलाई मशीनसारखं चालू लागलं. इथंच थांबला असता तर... पण नागपूरच्या एका भंगारवाल्याकडे त्याला जुन्या अमेरिकन गाडीतून काढलेलं सहा सिलिंडरचं इंजिन दिसलं आणि तो त्याच्या प्रेमात पडला. ट्रकमध्ये टाकून घेऊन आला. त्याच्या वर्कशॉपच्या अंगणात कडुनिंबाला चेनपुली लावलेली होती. लहान इंजिन त्या पुलीला टांगलं तेव्हा फांदी होती तशीच राहिली. मोठं टांगलं तेव्हा फांदी करकरत हातभर खाली आली आणि खाली उभे असलेले आम्ही सगळे आपोआप मागे सरकलो. वासू तेवढा सरकला नाही. तो वर पाहून हसत होता.

कोणतं बसवायचं यावर त्याचे आठ दिवस गेले. लहान बसवलं तर गाडी जशी घडली तशी राहणार होती, गुमान पळणार होती, पण जीपसुद्धा तिला मागे टाकणार. मोठं बसवायचं तर रेडिएटर पुढं सरकवावा लागणार, मधला पत्रा कापावा लागणार, आणि पुढच्या दोन चाकांवर जवळजवळ दुप्पट बोजा येणार. त्या बोज्याची त्याला काळजी वाटायच्या ऐवजी आनंदच वाटत होता, आणि त्याचं कारण आमच्या मुलखातलं होतं. वासू बंडी हाकत मोठा झालेला. बंडी भरताना पहिला धडा असा की वजन जरा पुढं ठेवायचं, धुऱ्यावर, बैलांच्या मानेवर येणाऱ्या दांडीवर, दाब पडला पाहिजे. मागे वजन गेलं की बंडी उलार होते, धुरा वर उचलला जातो आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. पुढं दाब असलेली गाडी म्हणजे नीट भरलेली गाडी, यात त्याला शंकाच नव्हती.

महादेवजी कापसाचे पैसे घ्यायला बाजारात आले होते, ते वर्कशॉपवर डोकावले. वासूने त्यांना दोन्ही इंजिनं दाखवली आणि दाबाची गोष्ट सांगितली. म्हातारा गाडीभोवती एक फेरी मारून आला, पुढच्या चाकाला पायाने ढोसलं आणि म्हणाला, "बंडीले पुढं बैल राह्यते ना बाप्पा. दाब त्याईच्या मानेवर, अन् वळवते बी तेच. हिच्या पुढं कोन हाय? हिचं हिलेच वळा लागते. लहानच ठेव." एवढं बोलून ते आंजीची बस पकडायला निघून गेले. शाळेची पायरी न चढलेला माणूस. मी वर्गात तासभर फळा भरून जे सांगतो, ते त्याने पायाने चाक ढोसून सांगितलं होतं.

मी अर्ध्या तासाने पोचलो. वासूने वडिलांचं बोलणं मला शब्दाला शब्द सांगितलं, आणि ते त्याला पटायला लागलं होतं हेही मला दिसलं. बापाचा शब्द तो सहसा मोडत नसे. पण त्याला शिकलेल्या माणसाकडून ऐकायचं होतं. "मास्तर, तू सांग आता. लहान का मोठं? तू म्हणशीन ते." अंगणात पाचसहा जण माझ्या तोंडाकडे पाहत होते. मला लगेच उत्तर द्यायला हवं, नाहीतर मास्तरला काही कळत नाही असं होईल, असं वाटलं. आणि दुसरं, जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही... मला त्या गाडीत बसायचं होतं. त्या आवाजासकट कॉलेजच्या फाटकावरून जायचं होतं. मी चाळिशीला टेकलेला, सायकलवर डबा लावून जाणारा माणूस होतो. मी म्हणालो, "मोठं बसव. पुढं वजन असलं का गाडी रस्ता सोडत नाई." आणि वर गुरुत्वमध्याबद्दल दोन वाक्यं ठोकून दिली. सरळ रस्त्यापुरती ती खरीही होती.

गाडी तयार झाली तेव्हा वासूच्या शेजारच्या सीटवर पहिला मी बसलो. नागपूर रस्त्याला लागल्यावर वासूने ॲक्सिलरेटर दाबला, कडेची झाडं एकमेकांत मिसळली, मी लहान पोरासारखा ओरडलो. मग पवनारचा उतार आला. वासूने स्टेअरिंग वळवलं आणि एक क्षण, फार तर श्वास घेण्याइतका, काहीच झालं नाही. गाडी सरळच जात राहिली. समोर बाभळीचं खोड मोठं होत गेलं... मग टायर किंचाळले आणि तिने वळण घेतलं. वासूने पुलावर गाडी उभी केली, कपाळ पुसलं. "वळते, पन उशिरा वळते," म्हणाला. मला काय झालं ते तिथल्या तिथं समजलं होतं. पुढचं जड वजन सरळच जाऊ पाहत होतं, त्याला वळवायला पुढच्या टायरांची पकड पुरत नव्हती. मी काय बोललो? सवय होईल, एवढंच.

त्याने आपल्या परीने उपाय केले. डिकीत सरकीचं पोतं ठेवलं, मग दोन. पुढच्या टायरांची बाहेरची कड झिजायची, तो ते मला बोट फिरवून दाखवायचा. गावाला ते काही ठाऊक नव्हतं. मुलं मागे पळायची, शेठ लोक एक चक्कर मागायचे, आणि मी कॉलेजच्या फाटकासमोरून दोनदा गेलो, दोन्ही वेळा हात हलवून. पण वासूबरोबर पवनारकडे जाणं मी टाळू लागलो होतो. काही ना काही काम काढायचो. त्याला ते कळत असावं, त्याने कधी बोलून दाखवलं नाही. सुमनवहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, त्याने गाडीत बसवणं बंद केलं होतं, हेही मला नंतर कळलं.

गेल्या पावसाळ्याअखेर तो माझ्या घरी आला. आधी चहा झाला. मग म्हणाला की लहान इंजिन अजून आहे, तेल लावून गुंडाळून ठेवलंय. जिनाचा हंगाम सुरू व्हायच्या आत मोठं उतरवतो, ते लहान बसवतो. "बाबाचंच बरोबर होतं, मास्तर. तुले काय वाटते?" एक महिना गाडी बंद राहील, एवढंच होतं. पण त्याच महिन्यात कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं, आणि नागपूरच्या प्रमुख पाहुण्यांना स्टेशनवरून लाल गाडीत आणायचं मी सर्वांसमोर कबूल करून बसलो होतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी घाईत बोललो होतो, असं तरी म्हणता येईल. या वेळी मला सगळं माहीत होतं. बाभळीचं खोड मी पाहिलेलं होतं. तरी मी म्हणालो, "संमेलन होऊ दे, मंग उतरव. तवरक अजून एक पोतं टाक मागं." त्याने रिकामा कप बाजूला सारला. "बरं," म्हणाला.

संमेलन झालं. पाहुणे लाल गाडीतून आले, फोटो निघाले. लगेच कापूस आला, जिनं सुरू झाली, वासूला उसंत राहिली नाही. एका जिनाचा पट्टा तुटला, नवीन आणायला तो दुपारी नागपूरला निघाला. त्याची रोजची जीप कुणीतरी मागून नेली होती, म्हणून ही काढली. पुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे.

परवा सुमनवहिनींना भेटायला गेलो होतो. त्या रडत नव्हत्या, तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, बाबांनी ह्यांचा फोटो आंजीच्या घरी भिंतीवर लावू दिला नाही. ज्या पोराने बापाचं ऐकलं नाही त्याचा फोटो रोज काऊन पाहू, म्हणतात. गावातही ते सगळ्यांना तेच सांगतात. नाव घेत नाहीत, ‘तो हट्टी’ म्हणतात. मी तिथून उठून आलो तो सरळ लिहायलाच बसलो. मित्र गेला याचं दुःख मला आहेच, आणि ते जायचं नाही. पण तो बापाच्या मनातूनही गेला, आणि ते मी केलं. दहाव्याच्या दिवशी, नदीकाठी, एका वाक्यात.

महादेवजी, तुमचा मुलगा हट्टी नव्हता. त्याला तुमचं पटलं होतं. मोठं बसव म्हणून मी सांगितलं. पुढं त्याला ते उतरवायचं होतं, तुमचंच बरोबर होतं असं तो माझ्या घरात बसून म्हणाला, आणि मी त्याला थांबवलं. तुम्हाला वाचता येत नाही. हे वर्तमानपत्राच्या ज्या रविवारच्या पुरवणीत छापून येणार आहे, ती सकाळच्या एसटीने आंजीला पोचते आणि कुणीतरी ती पारावर मोठ्याने वाचतं, हे मला माहीत आहे. या रविवारी मी त्याच एसटीने येतोय. वाचून मीच दाखवीन.