धर्मानं होडी चिखलात घातली

"काका, बाबा गेले," एवढंच धर्माची मुलगी मंदा फोनवर म्हणाली. माझा शाळेपासूनचा सोबती धर्मा सकाळी रेवदंड्याच्या बंदरावर जाळं सांधत बसला होता. छातीत कळ आली आणि अलिबागला नेईपर्यंत सगळं संपलं. फोन ठेवून मी खुर्चीत बसलो. तेव्हा जे वाटलं, ते आज लिहिलं नाही तर पुन्हा कधी लिहायचा नाही. आधी हायसं वाटलं. सुटलो, असं वाटलं... रडू नंतर आलं. याला आता महिना होत आला.

धर्मा आणि मी लंगोटीयार, असं गावात सगळे समजतात. शाळेत मी त्याचा यार नव्हतो, काळ होतो. माझे वडील त्याच शाळेत मास्तर, त्यामुळे मला कुणी काही बोलायची टाप नव्हती. धर्मा कोळीवाड्यातून यायचा. तो वर्गात शिरला की मी नाक दाबायचो, आणि मी दाबलं की मागचे दोन्ही बाक दाबायचे. त्याचा डबा खिडकीतून बाहेर जायचा. त्याच्या शेजारी बसणाऱ्याला आम्ही खेळात घ्यायचो नाही, म्हणून कुणी बसायचं नाही. तीन वर्षं हे चाललं. तो रडत नसे, आणि याचाच मला राग होता. रडला असता तर सोडून दिला असता, अशी मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःची समजूत घातली.

आठवीत असताना एकदा शाळा सुटल्यावर आम्ही त्याचं दप्तर बांधावरून खाडीत भिरकावलं. ओहोटी होती, खाली नुसता चिखल. तो दप्तरासाठी उतरला आणि एका मऊ जागी कमरेपर्यंत रुतला. भरतीचं पाणी चढायला लागलं तशी बाकीची पोरं पळाली. मी थांबलो. पाणी त्याच्या छातीशी आलं. तो हाका मारत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. तेवढ्यात चिखलातले तिसऱ्या शिंपले गोळा करणारी एक बाई पलीकडून फळी घेऊन आली, पोटावर आडवी झाली आणि तिनं त्याला ओढून काढलं. तो वर आला तेव्हा मी घरचा रस्ता धरला होता.

पुढे नोकरीत मी जन्मभर माणगाव, तळा असा फिरलो आणि निवृत्त होऊन गावात आलो. सहा वर्षं झाली त्याला. आल्याच्या आठवड्यातच धर्मा दारात उभा. केस पांढरे, दंड मात्र अजून वल्ह्यासारखे. म्हणाला, "चल, होडीतनं फिरवून आनतो." नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

ओहोटी लागल्यावर खाडीच्या त्या अंगाला होडी न्यायची नसते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. धर्मानं नेली. बघता बघता पाणी ओसरलं, होडी एका कुशीवर कलली आणि चारी बाजूंनी काळा चिखल उघडा पडला. धर्मानं इंजिन बंद केलं. "आता भरती येस्तवर हलता यायचं न्हाय," तो म्हणाला आणि सुरी काढून होडीच्या कडेला चिकटलेले शिंपले खरवडायला लागला. तासभर तो खरवडतच राहिला. चिखलात बुडबुडे फुटत होते, बारके खेकडे बिळांतून वर येत होते. माझ्या मोबाइलला रेंज होती. पण फोन कुणाला करायचा आणि सांगायचं काय? मला भीती वाटत होती. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस मी, घामानं भिजलो होतो.

मग खरवडता खरवडताच त्यानं विचारलं, "त्या दिवशी तू बांधावर उभा व्हतास. काय बघत व्हतास रं?"

उत्तर मला माहीत होतं. पाणी त्याच्या तोंडाशी आलं की तो रडतो का, ते मला बघायचं होतं. पण तोंडातून निघालं, "बघत कुठं होतो? त्या बाईला मीच तर बोलावून आणलं."

सुरी थांबली. त्यानं माझ्याकडे बघितलं. "व्हय का," म्हणाला. पुन्हा सुरी चालू झाली, ती दिवस कलेपर्यंत. भरती आली, होडी तरंगली, त्यानं मला धक्क्यावर सोडलं.

खरी शिक्षा पुढे सुरू झाली. दर वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीची पापलेटं तो स्वतः माझ्या घरी आणून द्यायचा. "यानं मानूस आनला म्हनून मी जगलो," असं माझ्या बायकोला सांगायचा, चहाच्या टपरीवर सांगायचा, रिक्षावाल्यांनाही सांगायचा. लोक माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि तो माझ्याकडे बघत राहायचा, त्या दिवशी चिखलातून बघत होता तसाच. तो दिसला की मी गल्ली बदलायला लागलो. घरी पापलेट शिजलं की मी वरणभातावर भागवायचो. शोकसभेत "ज्यांनी लहानपणी धर्माचे प्राण वाचवले" असं म्हणून मला उभं केलं, तेव्हा मी हात जोडले आणि खाली बसलो. वर त्याच्या बायकोनं, पार्वतीवहिनींनी, मला निरोप धाडला की सुरेशभाऊंनी पेपरात चार शब्द लिहावेत.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. वहिनी अंगणात दोरीवर बोंबील वाळत घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, दप्तरापासून होडीपर्यंत. त्यांचे हात थांबले नाहीत.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "फळी घेऊन आली ती बायजी, माज्या सासूची मैतरीन. मला कोनी बोलावलं न्हाय, असं मरेस्तवर सांगायची ती. यांना पोरवयापास्नं ठाऊक व्हतं."

"मग तो गावभर असं का सांगत फिरला?"

"म्या बी इचारलं. म्हनले, ऐकून ऐकून त्याला कवातरी सहन व्हनार न्हाय. मंग येईल खरं सांगायला." त्यांनी पुढचा बोंबील उचलला. "सा वरसं वाट बघितली त्यांनी. तुमी उशीर केलात, भाऊ."

मला बसावंसं वाटत होतं, पण त्यांनी बसा म्हटलं नाही. निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाल्या, "लिवा आता. मंदाकडनं वाचून घेते."

तर लिहितो. धर्माला चिखलातून काढलं ते बायजीनं. तिला कुणीही बोलावलं नव्हतं. मी बांधावर उभा राहून बघत होतो.