आप्पेपात्रातले क्रिस्टल

अहल्याबाई दिघ्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे बडोद्यातल्या हरणी भागातल्या त्यांच्या सोसायटीत लहानथोरांना ठाऊक आहे. तरीही त्या रविवारी सकाळी त्यांनी नवऱ्याला जे सुनावलं, ते ऐकून समोरच्या पटेलबेननी आपलं दार हळूच लोटून घेतलं.

रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून दीनानाथांना स्वयंपाकाचं वेड लागलं होतं. त्या दिवशी त्यांना आप्प्यांची हुक्की आली. आप्पेपात्र ओट्याखाली नव्हतं. ते बायकोच्या टेबलावर होतं आणि त्याच्या खळग्यांत पत्र्याच्या इवल्या इवल्या डब्या होत्या. सगळ्या एका मापाच्या, सगळ्यांवर एकच आकडा छापलेला. दीनानाथांनी त्या जपून एका वाटीत ओतल्या, वर झाकण ठेवलं, पात्र घासून घेतलं आणि गॅस पेटवला.

"अगं, एक पण सांडला नाही," उलथणं हातात घेऊन ते म्हणाले. "आणि सगळे सरखेच तर आहेत."

"सारखे?" अहल्याबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सारखे असते तर मी या उन्हाळ्यात पंखा बंद करून काय पत्ते खेळत बसले होते?"

पंखा बंद करून बसणं हे काही नाटक नव्हतं. त्या डब्यांत क्वार्ट्झचे क्रिस्टल होते. वरचा आकडा एक असला तरी आतला प्रत्येक स्फटिक आपापल्या सुरात कंप पावतो, आणि रेडिओत हवा तेवढाच आवाज घ्यायचा, बाकीचा गोंगाट बाहेर ठेवायचा, तर अगदी जवळच्या सुराचे चार-पाच लागतात. म्हणून एकेक चिमट्याने उचलायचा, कारण बोटाची ऊब लागली तरी सूर हलतो. वारा लागला तरी हलतो. तो मीटरला लावायचा, आकडा स्थिरावेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं, मग त्याच्या जातभाईंच्या खळग्यात टाकायचा. बडोद्याच्या एप्रिलमध्ये घामाने निथळत अहल्याबाईंनी हे काम कितीतरी दुपारी केलं होतं. आता सगळी जातपात पुन्हा एका वाटीत.

"विचारायचं होतंत तरी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं माझ्या टेबलाला खोकी-खोकी म्हणत आलात, एकदा तरी विचारलंत, या खोक्यांचं काय चाललंय?"

दीनानाथांनी गॅस बारीक केला. विचारलं नव्हतं हे खरंच होतं.

चाललं होतं ते जगदेवरावांसाठी. बडोद्याजवळच्या पादरा गावचे जगदेवराव शिर्के. ते आणि अहल्याबाई, दोघंही परवानाधारक हौशी रेडिओवाले, आणि रोज सकाळी चहाच्या आधी दोघांचं बोलणं ठरलेलं. तोंडाने नव्हे, मोर्समध्ये. आखूड टिक, लांब टिक, अक्षरं इंग्रजी आणि भाषा मराठी. भाजीचे भाव, गुडघे, सुना, सरकार, सगळं त्या टिकटिकीत यायचं. काचबिंदूने जगदेवरावांचे डोळे नेले, तरी बोलणं चालू होतं. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला, तरी चालू होतं. जिभेचं काम बोटं करत होती. मग फाल्गुनात विजेचा दाब एकदम चढला आणि त्यांचा जुना सेट जळून गेला. अहल्याबाईंनी फोन केला, तर मुलगा पृथ्वीराज म्हणाला, "काकी, त्यांना बोलता कुठे येतं? फोन देऊन शुं फायदो? निरोप सांगा." त्यांनी निरोप सांगितला, की नवा सेट मी करून आणते. आणि त्या क्रिस्टल जुळवायला बसल्या.

आता ती वाटी समोर होती. पहिल्यापासून सुरू करायचं म्हणजे आणखी कितीतरी दुपारी.

"गाडी काढा," त्या म्हणाल्या. "उशीर होणार हे मला त्यांच्या तोंडावर सांगायचंय. आणि कोणामुळे, ते तुम्ही सांगायचं."

दीनानाथांनी निमूटपणे आप्पे डब्यात भरले आणि किल्ली घेतली. गावाबाहेर पडेपर्यंत अहल्याबाई बोलत होत्या. पुढे त्या बोलायच्या थांबल्या, ते जास्त वाईट होतं. हवेतून रोज भेटणारा माणूस, म्हणून प्रत्यक्ष भेटायचं कधी सुचलंच नव्हतं. रेडिओवाल्यांची ही एक खोडच असते. काशीला जायचं राहतं तसं पादऱ्याला जायचं राहून गेलं होतं, आणि पादरा तर हाकेवर.

पृथ्वीराजने दार उघडलं. "आवो काकी. पण त्यांचं आता काही खरं नाही हां. डोकं फिरलंय. आखो दिवस ताटावर चमचा आपटतात, मग वरून घासतात. पाटीवर लिहायचे आधी, पण ओळीवर ओळ, कोण वाचणार? शेजारचे कंटाळले. डॉक्टरनी झोपेची गोळी दिलीय, आणि चमचा आम्ही काढूनच घेतला."

"आणि माझा निरोप?"

"कसला? हां, ते सेटचं. त्यांना कळतं कुठे काय?"

अहल्याबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बाजूला सरकला.

आतल्या खोलीत जगदेवराव लोखंडी पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, नजर कुठेच नाही. चमचा नव्हता, म्हणून ते नखाने पलंगाच्या कडेवर काहीतरी करत होते. टक. खर्र. टक टक. आखूड तिथे टक, लांब तिथे नख घासायचं. अहल्याबाई दारातच थांबल्या. त्यात अहल्याबाईंच्याच स्टेशनची खूण होती, रेडिओवर त्यांना हाक मारायची. त्यांची खूण, मग 'ऐकतेस का', पुन्हा त्यांची खूण. त्या खोलीत त्यांना इतके आठवडे हाक मारली जात होती, आणि त्या हरणीत बसून आकडे जुळवत होत्या.

दीनानाथांवरचा राग त्या क्षणी फिका पडला. पृथ्वीराजवरचा नाही पडला, पण त्याच्याहून मोठा राग स्वतःवरचा होता. नेमकेपणाचं कौतुक चुलीत गेलं. फोनवर हटून बसायला हवं होतं, फोनजवळ त्यांना चमचा वाजवू दे म्हणायला हवं होतं, निदान एक दिवस येऊन बसायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट सुचली नाही.

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि बांगडीने लोखंडावर वाजवलं. ऐकतेय. मी आलेय.

जगदेवरावांचं बोट थांबलं. मान वळली. त्यांनी चाचपत अहल्याबाईंचं मनगट शोधलं, बांगडी शोधली, आणि मग त्यांच्या तळहातावरच बोट आपटू लागले, जोराने. दाराशी उभ्या असलेल्या दीनानाथांना राहवलं नाही.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत," अहल्याबाई म्हणाल्या, "तू मेलीस असं वाटलं. कोणी सांगेना."

बोट पुन्हा चालू झालं. या वेळी मात्र त्यांनी भाषांतर केलं नाही, कारण त्या शिव्या होत्या. एकापाठोपाठ एक, अस्सल, शुद्ध आणि एकही अक्षर न चुकता. डोकं फिरलेल्या माणसाला एवढं अचूक मोर्स येत नाही. अहल्याबाईंनी मान खाली घालून सगळ्या ऐकून घेतल्या. जन्मात पहिल्यांदाच त्या कोणाला उलटून बोलल्या नाहीत.

दीनानाथांनी डब्यातला एक आप्पा वाटीत कुस्करला, त्यावर सोबत आणलेलं दही घातलं आणि इकडेतिकडे पाहिलं.

"पृथ्वीराज," अहल्याबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "त्यांचा चमचा आण. आणि जेवण झाल्यावर तो त्यांच्याच हातात राहू दे."