नूरचाचा आणि जळका रिले

नूरचाचा बॉनेट उघडायच्या आधी वाकून गाडीचा वास घ्यायचे आणि मग बाजूला पचकन थुंकायचे. गिऱ्हाईक समोर उभे असले तरी. पारोळ्याला हायवेलगत त्यांचे पत्र्याचे दुकान होते, गाड्यांच्या वायरिंगचे. पहिल्यांदा ती थुंकी पाहिली तेव्हा मला शिसारी आली. म्हटलं, काय घाणेरडा म्हातारा आहे.

माझी पिकअप जुनी. त्या दिवशी अक्काची, म्हणजे रावेरकडे राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीची, केळी भरून मी धुळ्याला निघालो होतो. मेव्हणे गेल्यावर तिने एकटीने उभ्या केलेल्या बागेची ही पहिली कापणी. पारोळ्याला चहाला थांबलो आणि गाडी पुन्हा चालूच होईना. इंजिन फिरायचे, पण पेट घेत नव्हते. चार जणांनी धक्का मारून पाहिला. मे महिन्याचे ऊन, आणि मागे अख्खी गाडी भरून केळी. शेवटी चहावाल्याने चाचांना हाक मारली.

चाचा थुंकले आणि म्हणाले, "इले कोनी हात लाया?"

कोणीच नाही, कंपनीतून आली तशीच आहे, असे मी ठोकून दिले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "भाऊ, गाडीना रोग मी काढसू. मानूसना माले काढता येत नही." एवढे बोलून ते डॅशबोर्डखाली उताणे शिरले.

रिले म्हणजे काडेपेटीएवढी डबी. चावी फिरवली की तिच्यात टिक् होते आणि डिझेलच्या झडपेला करंट जातो. चाचांनी डबीवर अंगठा ठेवून मला चावी फिरवायला लावली. टिक् नाही. मग हॉर्नचा रिले त्याच मापाचा होता, तो काढून तिथे बसवला आणि इंजिन लागलीच सुरू झाले. मी निघायच्या बेतात, तर त्यांनी गाडी बंद केली, चावी खिशात घातली आणि आतून वायरींचा गुंताडा ओढून माझ्या मांडीवर टाकला. वाजंत्रीचा हॉर्न, टपावरचे चार दिवे, देवाच्या तसबिरीभोवतीची लुकलुक, सगळे मीच रिलेच्या त्या एका वायरीवरून घेतले होते; त्या भारानेच तो जळाला होता. चिकटपट्टी संपली म्हणून जोडाला गुटख्याची पुडी गुंडाळली होती. ती वितळून चिकट काळी झाली होती. शी! हात लावायची लाज वाटत होती.

हॉर्नचा रिलेही अर्धा जळालेला होता. चाचांनी दोन नवे धुळ्याहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती मागवले. तोवर थांबा म्हणाले. अक्काचा माल आहे म्हणत मी हातापाया पडलो, आवाज चढवला, एक आईवरून शिवीही दिली. धुळ्यापर्यंत रिले काढून वायर डायरेक्ट जोडून द्या, एवढेच मागत होतो. सगळेच तसे करतात.

"जळी मरशी, भाऊ. मी डायरेक्ट करी देवाव नही."

रिले येईपर्यंत तीन तास गेले. त्या तीन तासांत हा म्हातारा हापशावरून पाणी आणून गोणपाटे भिजवत होता आणि घडांवर टाकत होता. मी टपरीच्या सावलीत चहा पीत त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत बसलो होतो.

धुळ्याच्या व्यापाऱ्याने उन्हाने काळा पडलेला अर्धा माल बाजूला काढला. तिथूनच मी अक्काला फोन केला. पारोळ्याच्या एका मिस्त्रीने गाडी अडवून ठेवली, म्हणून माल गेला, असे सांगितले. वायरींचे अवाक्षर काढले नाही. तिने फोन ठेवला.

नंतरही मी चाचांकडेच जात राहिलो, कारण पंचक्रोशीत त्यांच्याइतका चोख कारागीर नव्हता. दरवेळी ते न चुकता विचारायचे, "अक्काना माल बराबर गया ना?" आणि मी म्हणायचो, गेला ना चाचा, मस्त गेला. इतका निर्लज्ज मी.

गेल्या महिन्यात चाचा वारले. दुकानाला कुलूप दिसले, चहावाल्याने सांगितले. तिथून मी केळी भरायला अक्काकडे गेलो. तिने ताट वाढले. जेवता जेवता मी बोलून गेलो, की पारोळ्याचे ते मिस्त्री गेले.

अक्का भाकरी वाढता वाढता थांबली. "गेला का? बरं झालं. माह्या केयीचं वाटोयं केलं व्हतं त्यानं."

आता बोल, बोल, असे मन ओरडत होते. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणालो, "हो ना."