घोंगडीवर बसलेला लॅपटॉप

हरणं माझ्या रक्तातच नाही. लहानपणी सापशिडीत हरायला लागले की मी पटच उधळून द्यायची, हे आई अजून चारचौघांत सांगते. त्यामुळं त्या रविवारी आमच्या पत्र्याच्या घरात दोन लॅपटॉपची शर्यत लागली, तेव्हा माझं काय झालं असेल ते तुम्हीच बघा!

आमचं गाव उमरग्याजवळ. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आणि त्या घरात मी एकटीच अशी, की लोकांच्या घरांची चित्रं करते. घर बांधायच्या आधी ते पुढून कसं दिसेल, रंग कोणता, गॅलरी कशी, हे मी लॅपटॉपवर उभं करून दाखवते. उमरग्यातले दोन इंजिनिअर मला काम देतात. पण माझ्याजवळ होता दादाचा कॉलेजातला लॅपटॉप, चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा. त्याच्यावर एक चित्र तयार व्हायला लावलं, की माझ्या भाकरी व्हायच्या, भांडी व्हायची, धुणं वाळत पडायचं, तरी ते आपलं निम्म्यातच! शेवटी एक इंजिनिअर म्हणालेच, "ताई, तुमचं रोजचं 'उद्या देते' ऐकून कंटाळा आला. आता दुसरीकडं बघतो."

मग दादानं ओळखीच्या दुकानातून तेराव्या पिढीचा एक लॅपटॉप वापरून बघायला आणला. सोमवारी एकतर ठेवून घ्यायचा, नाहीतर परत.

"मशीनला बी पिढ्या असत्यात व्हय?" आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी विचारलं.

"असत्यात की आबा. प्रोसेसर म्हणजे त्याचं डोकं. जेवढी नवी पिढी, तेवढं जास्त पळतं."

"मग पळवून दाखीव. नवं जिंकलं तर ठेव. हरलं तर ते बी परत, आन् तुझा ह्यो नाद बी बंद. आईला मेंढराकडं हात लाव."

आबा हसत बोलले. पण ते हसत बोलले तरी शब्द फिरवत नाहीत, हे घरातल्या कुत्र्यालाही ठाऊक.

दोन्हीकडं एकच चित्र घेतलं, त्या कंटाळलेल्या इंजिनिअरांना द्यायचं, हायवेच्या कडेच्या एका दुमजली घराचं. दादा अर्थातच जुन्याच्या बाजूनं. "जुनं ते सोनं! बघच तू शहाणे," म्हणून मांडी घालून बसला. मी बटण दाबणार, तेवढ्यात आबा ओरडले, "थांब! नवी वस्तू अशी जमिनीवर ठेवत्यात व्हय?"

त्यांनी पेटीतून आजोबांची घोंगडी काढली. ही घोंगडी फक्त देवासाठी आणि पंचांसाठी निघते. लहानपणी तिच्यावर चुकून पाय पडला की पाठीत धपाटा बसायचा. आबांनी ती चार पदरी घालून नव्या लॅपटॉपला वर बसवलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. जुना बिचारा उघड्या शहाबादी फरशीवर.

"सुटला!" दादा ओरडला.

अगं बाई, काय पळत होता तो नवा! पडद्यावर चौकोन भरत भरत चित्र तयार होतं. जुन्याचं एक छप्पर येतंय न येतंय, तोवर नव्याच्या दोन्ही गॅलऱ्या उभ्या! मी गुडघ्यावर उभी राहून ओरडत होते, "चल! चल माझ्या राजा!" पाऊण घर झालं. आणि अचानक चौकोन हळू पडायला लागले. एक आला. मग कितीतरी वेळानं दुसरा. मग पडदा काळा. बंदच पडला!

"बसला, बसला!" दादा टाळ्या पिटायला लागला. फरशीवरचा जुना आपला खरडत खरडत पुढंच चालला होता. आबा उठले. "झालं. उद्या परत करा."

माझे डोळे भरून आले, पण हात गप्प बसेनात. मी लॅपटॉप उचलला आणि किंचाळले. बुडाला नुसता तवा! भाकरी टाकली असती तर टम्म फुगली असती.

"आबा, ह्याला खालनं वारा लागतो! खालची भोकं घोंगडीनं बुजली, म्हणून तापून बंद पडलाय. परत लावू."

"हरली की कारणं," दादा म्हणाला.

"शंकरपटात पळता पळता बैल बसला तर दुसरी फेरी नसती," आबा म्हणाले.

"बैल बसला न्हाय आबा! तुम्ही त्याच्या नाकाला घोंगडी बांधलीत!"

आईनं पदर तोंडाला लावला. आबांपुढं असं कुणी बोलत नाही. आबांनी माझ्याकडं बघितलं, मग लॅपटॉपच्या बुडाला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"आगायाया! पोळलं की! म्हंजी म्या केलेल्या मानानंच घात केला व्हय?" मग दादाकडं वळून म्हणाले, "लाव रं परत."

थोडं निवू दिलं. या वेळी दोघंही फरशीवर, दोघांच्याही मागच्या कडेखाली दोन-दोन वाट्या पालथ्या, म्हणजे खालनं वारा खेळेल. मी नुसती ओढणी चावत बसले. छप्पर, गॅलऱ्या, जिना, फाटक, अंगणातली बोगनवेल... झालं! सगळं घर उभं! जुन्याचं अजून छप्परच चाललेलं. मी अशी उडी मारली की दादाच्या पायावर पडले, आणि तोही कळवळत हसायला लागला.

आबांनी घोंगडी उचलून झटकली. मला वाटलं, आता पेटीत जाणार. त्यांनी ती लॅपटॉपसमोर अंथरली.

"त्याला सोसत न्हाय तर राहू दे. तू बस."

"मी? घोंगडीवर?"

"पळवलंस तूच नव्हं? बस."

मी बसले. लोकर टोचत होती, मी हसत होते आणि डोळे वाहत होते. तसाच त्या कंटाळलेल्या इंजिनिअरांना फोन लावला. ते म्हणाले, "नेहमीसारखं उद्याच देणार असाल ना ताई?"

"उद्या कशाला? आत्ता पाठवते!"