दादानं केलेले बर्गर रॅप

माझ्या मोठ्या भावाला, दादाला, बर्गरची चटक लागली ती माझ्यामुळे. मी तेव्हा नगरला कॉलेजात होते आणि होस्टेलवर राहत होते. दादा महिन्यातून एकदा भेटायला यायचा. येताना तुपाची बरणी, शेंगदाण्याची चटणी आणि आमच्या बागेतले पेरू आणायचा. एका भेटीत मी त्याला कॉलेजजवळच्या एका नव्या दुकानात नेलं. तिथं पातळ पोळीत बर्गरचं सगळं सामान गुंडाळून द्यायचे. दादानं एक घास खाल्ला, मग कागद सोडून आत काय काय आहे ते नीट बघितलं, पुन्हा गुंडाळलं आणि म्हणाला, "यात आपल्या घरात नसलेलं काय हाय?"

"मेयोनीज," मी म्हणाले.

"ते काय असतं?"

"पांढरं असतं. घट्ट, आंबट-गोड."

"म्हणजे चक्का," तो म्हणाला आणि दुसरा मागवला.

आमचं गाव राहात्याजवळ. पेरूची बाग आणि गोठ्यात आठ गाई. दादा पहाटे उठून धार काढायचा, दूध डेअरीला घालायचा, मग बागेत जायचा, आणि संध्याकाळी पुन्हा धार. मधल्या दुपारी त्याला दोन-तीन तास मोकळे मिळायचे. मी सुट्टीला घरी आले की रविवारच्या दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघर ताब्यात घ्यायचो. आई अंगणात बाज टाकून पडायची आणि तिथूनच ओरडायची, "तेल जपून वापरा रे!"

पहिल्या रविवारी सगळं बिघडलं. उकडलेल्या बटाट्यांत पाणी राहिलं होतं, त्यामुळे टिक्की कढईत सोडली की विरघळायची. तेलात नुसता फेस. मी रडकुंडीला आले. दादा मात्र गाईंच्या आंबोणात पाणी जास्त झाल्यावर जसा भुसा वाढवायचा, तसा शांतपणे डब्यांमागून डबे उघडत बसला. त्याला पोहे सापडले. मूठभर पोहे भिजवून, पिळून त्यानं बटाट्यात कुसकरले. वर वाटाणा, आलं-लसूण, हिरवी मिरची, थोडं लाल तिखट. चहाबरोबर खायचे टोस्ट लाटण्यानं चुरून त्यात टिक्की घोळवली. टिक्की गोल न करता बोटभर लांब केली, म्हणजे गुंडाळायला सोपं. या खेपेला ती कढईतून अख्खी बाहेर आली आणि कुरकुरीत झाली.

चपात्या पातळ लाटून तव्यावर अर्ध्याच भाजायच्या, मग सामान भरल्यावर पुन्हा लोणी सोडून शेकायच्या. घरच्या चक्क्यात लसूण, मिरपूड, चिमूटभर साखर आणि टोमॅटो सॉस. बारीक चिरलेला कोबी, कांदा. खालचं टोक आधी दुमडायचं आणि मग बाजूनं गुंडाळायचं, नाहीतर सगळा चक्का कोपरापर्यंत ओघळतो. हे शिकायला आम्हाला चार रविवार लागले. कागद म्हणून वह्यांना घालायचं खाकी कव्हर वापरायचो.

आईनं मात्र कधी तोंडात घातलं नाही. "चपातीला सदरा घालून काय खायचं?" म्हणायची. आमचे वडील, आप्पा, एक घास घेऊन म्हणायचे, "बरंय," आणि भाकरी मागायचे.

त्याच काळात दादासाठी मुली बघणं चाललं होतं. बघणं म्हणजे काय, नकार घेणं. मुलगा निर्व्यसनी, घर स्वतःचं, बाग चांगली, हे सगळं ऐकून झालं की समोरचे विचारायचे, "नोकरी?" आणि शेती म्हटलं की फोन थंड. एका ठिकाणच्या बाईंनी तर आईला सरळ सांगितलं, "आमच्या मुलीला शेण काढायला नाही शिकवलं आम्ही." आईनं फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन बराच वेळ तिथंच थांबली. स्थळाचा विषय निघाला की दादा पायात चपला घालून बाहेर पडायचा.

मग मिरजगावचं एक स्थळ आलं. मुलगी फार्मसी शिकलेली, तिथल्याच एका औषधांच्या दुकानात कामाला. त्यांनी आधी घर बघायला यायचं ठरवलं, आणि मुलगीही बरोबर येणार म्हणाली. आप्पांना ते विचित्र वाटलं. आई मात्र हरखली. पाहुण्यांसाठी पुरणपोळी करायची म्हणून तिनं आदल्या दिवशीच डाळ निवडून ठेवली.

त्या रविवारी सकाळी आई गोठ्यात पाय घसरून पडली. नुकताच धुतलेला कोबा ओला होता. पडताना तिनं उजवा हात खाली टेकवला. आम्ही धावत गेलो तेव्हा मनगट सुजून वाकडं दिसत होतं आणि ती म्हणत होती, "डाळ शिजायला लावा आधी."

आप्पा आणि दादा शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला राहात्याला दवाखान्यात घेऊन गेले. मी मिरजगावला फोन लावला. मुलीच्या वडिलांनी उचलला. मागून गाडीचा आवाज येत होता. "नगर सोडलं आम्ही," ते म्हणाले. आता त्यांना परत कसं पाठवायचं? मी एवढंच म्हणाले, "या, वाट बघतोय."

अकराच्या सुमारास आई कोपरापर्यंत प्लास्टर घालून परत आली. दादानं तिला खाटेवर झोपवलं. डाळ तशीच पातेल्यात होती. मला पुरण येत नव्हतं, आणि आईसारखं तर मुळीच नाही. मी दादाकडे बघितलं.

"आपलं रविवारचं करू," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? बघायला येणाऱ्या पाहुण्यांना कोणी बर्गर खायला घालतं?"

"मग उपाशी ठेवू का? जे येतं ते करू."

आप्पा दारात उभे होते. ते म्हणाले, "कर. पन तू चुलीपाशी दिसू नको. पोरीनं केलं म्हनून सांगू."

दादानं हात धुतले आणि बटाटे कुकरला लावले. इतक्या घाईत आम्ही ते कधीच केलं नव्हतं. मी चपात्या लाटत होते, तो कांदा चिरत होता. आतल्या खोलीतून आई ओरडत होती, "खीर तरी करा गं थोडी!" म्हणून एका शेगडीवर शेवयांची खीर चढवली.

पाहुणे तिघं आले. मुलगी, तिचे वडील आणि मावशी. वडील कमी बोलणारे, पांढऱ्या सदऱ्यातले. मावशी मात्र घरभर नजर फिरवत बसल्या. आईचं झालेलं त्यांना सांगितलं. मग ताटं वाढली. ताटात खिरीची वाटी, खारवलेली मिरची आणि खाकी कागदात गुंडाळलेले दोन-दोन रॅप. मावशींनी एक उचलून उलटसुलट करून पाहिला.

"हे काय?"

"बर्गर रॅप," मी म्हणाले. माझे कान गरम झाले होते.

मुलीनं कागद सोलला आणि खायला लागली. बिचकली नाही की लाजली नाही. अर्धा संपवून म्हणाली, "यात चक्का आहे ना?"

मावशींनी विचारलं, "कुनी केलं?"

आप्पा लगेच म्हणाले, "आमच्या पोरीनं. लई हौस हाय तिला."

मी मान हलवणार, तेवढ्यात दादा बोलला. "मी केलं. हिनं चपात्या लाटल्या आन गुंडाळलं."

आप्पांनी खाली बघितलं. मावशींचा हात वाटीवरच थांबला. मला वाटलं, संपलं. हेही गेलं. पुढच्या आठवड्यात हा पुन्हा चपला घालून बाहेर पडणार.

मुलीनं दादाकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. "आई पडल्या म्हणून केलंत की एरवीही करता?"

"रोज न्हाई," दादा म्हणाला. "रोज वेळ कुठं असतो? रविवारी. तेबी ही घरी आली तर. भाकरी मला अजून थापता येत न्हाई, तुटती."

ती हसली. मोठ्यानं नाही, पण हसली. मग म्हणाली, "तुमच्या आईंनी खाल्लं का?"

कोणालाच आठवण राहिली नव्हती. ती उठली आणि एक रॅप घेऊन आतल्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेले. आई उठून बसायला धडपडत होती, पदर सावरत होती, कारण पाहुण्यांची मुलगी खोलीत आली होती. मुलीनं तिच्या पाठीला उशी लावली, कागद अर्धा सोलला आणि रॅप तिच्या डाव्या हातात दिला. "घ्या. याला एक हात पुरतो."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग चावा घेतला, आणि हळूहळू चावत राहिली. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. सगळा संपवला, बोटाला लागलेला चक्काही चाटला. "एवढे दिवस मला कोन बोललं न्हाई, हे इतकं चांगलं लागतं," ती म्हणाली. मी म्हणाले, "आई, गेल्या वर्षभरात प्रत्येक वेळी बोललो." मुलगी पुन्हा हसली, आणि या वेळी आईही.

जाताना मुलीला गोठा बघायचा होता. तिनं दादाला विचारलं, लग्नानंतर तिनं काम चालू ठेवलं तर घरात कोणाला अडचण आहे का. दादा म्हणाला, "आपल्या राहात्यात औषधांची दुकानं लई हायेत. सकाळची धार माझी. तुमी दुकानात जावा." गोठ्याच्या दारात उभी राहून मी हे ऐकलं. गाडी निघून गेल्यावर आप्पा दादावर चिडले. "येक दिवस गप बसला असता तर काय बिघडलं असतं?" दादा बादल्या विसळत राहिला.

पंधरा दिवस काहीच निरोप आला नाही. आईला उजव्या हातानं भाकरी मोडता येत नव्हती, म्हणून दादा तिला रोज काही ना काही गुंडाळून द्यायचा. मेथीची भाजी, पिठलं, एकदा तर शेंगदाण्याची आमटी, जी अर्थातच बाहेर ओघळली. मी होस्टेलवर परत गेले. तिथं एका संध्याकाळी दादाचा फोन आला. तो नेहमी आधी गाईंचं सांगायचा. त्या दिवशी म्हणाला, "तिचा फोन आल्ता. तिचा सोताचा." मग 'हो म्हनली' म्हणाला आणि घाईघाईनं गाईंचं सांगायला लागला. मी होस्टेलच्या जिन्यात बसून रडले.

लग्न उन्हाळ्यात झालं. वहिनी राहात्याला एका औषधांच्या दुकानात कामाला लागली आणि अजून तिथंच आहे. पहिल्या वर्षी मावशी घरी आल्या तेव्हा दादाला चुलीपाशी पाहून कुरकुरल्या, मग त्यांनीच दुसरा रॅप मागून घेतला. आप्पांचं मात्र काही बदललं नाही. अजूनही ते आधी भाकरी खातात आणि मग 'तोंड बदलायला' अर्धा रॅप घेतात.

आई दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. मी आता पुण्यात नोकरी करते. इथं असले रॅप दारात येतात, गरम, नीट कागदात, सॉसच्या पुड्यांसह. मी ते खाते, पण चव घेताना मन नेहमी त्या स्वयंपाकघरात जातं, जिथं दोन शेगड्यांवर तीन कामं चालली होती आणि आतून आई खिरीसाठी ओरडत होती. एवढी घाबरलेली आणि एवढी आनंदी मी पुन्हा एकाच दिवशी कधी झाले नाही.

गेल्या दिवाळीत घरी गेले होते. दादाची दोन्ही मुलं टिक्क्या वळत होती, त्या लांब न होता बटाट्यासारख्याच गोल होत होत्या. मी आणि वहिनी कोबी चिरत होतो. मी तिला विचारलं, त्या दिवशी परत जाताना गाडीत काय बोलणं झालं? इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"मावशी नगरपर्यंत बोलतच होती," वहिनी म्हणाली. "पोरगा चुलीपाशी, गाईंची एवढी कामं, सासू हात मोडून बसलेली. माझी पोर कामाला जुंपतील म्हणाली. नगर ओलांडलं तेव्हा बाबा म्हणाले, त्याच्या बापानं त्याला खोटं आयतं हातात दिलं होतं. त्यानं घेतलं नाही."

"आणि तू?"

"मी म्हटलं, मला भूक लागलीय, आणि त्यांनी आपल्याबरोबर दोन बांधून द्यायला हवे होते."

आतून दादानं हाक मारली, तेल तापलंय म्हणून. वहिनीनं कोबीची परात उचलली आणि स्वयंपाकघरात गेली.